येरवड्याच्या पत्रांविषयी

तीर्थरूप आई-बाबांस शिरसाष्टांग नमस्कार.

आणीबाणीत बाबा येरवड्याच्या तुरुंगात असताना तुम्ही दोघांनी एकमेकांना लिहिलेल्या पत्रांचे पुस्तक करायला होकार देऊन मी मोकळी झाले आहे. आधी विचारले असते, तर आई, तू "जुने कशाला उकरायचे" म्हणाली असतीस आणि बाबा, तुम्ही वर्तमानपत्रात डोके घातले असते. मूळ पत्रे कुणालाही दिलेली नाहीत. प्रती काढून ती त्याच ट्रंकेत ठेवली आहेत. त्या काळात ज्यांनी आपल्याकडे येणे बंद केले, त्यांची नावे गाळली आहेत. त्यांनाही नोकऱ्या आणि मुलेबाळे होती.

दुर्गाबाई भागवत १९७५च्या डिसेंबरात कराडच्या साहित्य संमेलनात लेखनस्वातंत्र्याविषयी निर्भयपणे बोलल्या आणि पुढच्या वर्षी तुरुंगात गेल्या, हे सर्वश्रुत आहे. पण ती बातमी तुरुंगातल्या नवऱ्याला तू कशी कळवलीस, ते कुणाला ठाऊक आहे? "कराडचे कार्य छान झाले. दुर्गामावशी यजमानांसमोरच स्पष्ट बोलल्या. जसलोकमधल्या काकांसाठी सर्वांनी प्रार्थना केली." यजमान म्हणजे स्वागताध्यक्ष यशवंतराव चव्हाण आणि काका म्हणजे जसलोक रुग्णालयात असलेले जयप्रकाश नारायण, हे पत्रे तपासणाऱ्याला उमगले नाही, त्याने शिक्का मारून कार्ड आत पाठवले आणि रॉकेलच्या रांगेची ओळ तेवढी काळी केली!

२८ एप्रिल १९७६ला सर्वोच्च न्यायालयाने 'मिसा'च्या, म्हणजे खटल्याविना डांबून ठेवण्याच्या कायद्याखालच्या, स्थानबद्धांना दाद मागण्याची वाटच बंद केली. त्यानंतरच्या तुझ्या कार्डात माझा गोवर आहे, शिवणाच्या पैशांचा हिशेब आहे. निकालाचे अक्षर नाही. लेखकांनी सोसलेले लेखक लिहून ठेवतात. शिवणयंत्रावर घर चालवणाऱ्या बाईचे कोण लिहिणार, म्हणून हा खटाटोप.

बाबा, सुटकेसाठी हमीपत्रावर सही करावी का, असे तुम्ही आईला विचारलेले पत्र मी तूर्त बाजूला ठेवले आहे. तसे विचारावेसे वाटले यात मला कमीपणा दिसत नाही. तरी ते छापायचे की नाही, ते तुम्हीच ठरवा. सुटून आलात तेव्हा तुमच्या दाढीला भिऊन मी आईच्या पदराआड लपले होते, आठवते?

मुद्रिते मोठ्या अक्षरांत काढून पाठवते. डोळ्यांत थेंब घातल्यावर लगेच वाचायला बसू नये. आई, ट्रंकेसाठी स्टुलावर चढू नकोस, मी आले की काढीन. स्वयंपाकाच्या मावशींना पुढच्या महिन्याचे पैसे दिले आहेत, तेव्हा "आमचे आम्हाला जमते" म्हणून त्यांना परत पाठवायचे नाही.

तुमची,
बेबी