ग्रुपच्या मेलमध्ये फ्रॉमचा पत्ता आता वेगळा दिसेल

मंडळी नमस्कार, आजपासून मंडळाच्या ग्रुपवरून येणाऱ्या मेलला नाव लिहिणाऱ्याचंच राहील पण पत्ता मात्र ग्रुपचा दिसेल, घाबरू नका, कुणाचं अकाउंट हॅक झालेलं नाहीये.

झालंय असं की याहूने एप्रिल २०१४ मध्ये डीमार्क (दुसऱ्याच्या पत्त्याने येणारे खोटे मेल अडवायचा नियम) कडक केलं, म्हणजे पत्ता याहूचा पण मेल त्यांच्या सर्व्हरवरून आलेला नाही आणि डीकिमची सहीपण (मेल वाटेत बदललेला नाही हे दाखवणारी डिजिटल खूण) जुळत नाही तर समोरच्या सर्व्हरने तो सरळ नाकारायचा. आपला ग्रुप मेल पुढे पाठवताना विषयात मंडळाचं नाव आणि खाली तळटीप जोडतो, तेवढ्यानेच सही मोडते, आणि सर्व्हर आपला असल्याने एसपीएफचाही (कोणत्या सर्व्हरना त्या पत्त्याचे मेल पाठवायची परवानगी आहे त्याची यादी) उपयोग होत नाही. त्यामुळे याहूवाल्या सभासदांचे मेल बऱ्याच जणांना पोचतच नव्हते आणि त्यांना वाटायचं कोणी उत्तरच देत नाही, याचं खरंच वाईट वाटतं.

म्हणूनच फ्रॉममध्ये आता याहूऐवजी ग्रुपचा पत्ता टाकतोय. लिहिणाऱ्याचा मूळ पत्ता आता रिप्लाय-टूमध्ये असेल, म्हणजे नुसतं रिप्लाय केलं की लिहिणाऱ्यालाच जाईल, सगळ्यांना सांगायचं तर रिप्लाय ऑल. खासगी काही असेल तर पाठवण्याआधी टूमधला पत्ता बघाच. आणि प्लीज, ग्रुपचा पत्ता कुणा एकाच्या नावाने कॉन्टॅक्टमध्ये सेव्ह करू नका, नाहीतर त्याला पाठवलेलं सगळ्यांकडे जाईल. कुणी पत्त्यावर फिल्टर लावले असतील तर तेही बदलून घ्या.