अलर्ट बेच्या आजींना पत्र

आदरणीय आजी,

गिलाकस्ला! तुमच्या भाषेतला हा नमस्कार. नाव लिहीत नाही, पण वाचलंत की ओळखाल. कॅनडातल्या तुमच्या क्वाक्वाक्यवाक्व मूळनिवासींच्या बिग हाऊसमध्ये, समारंभाच्या त्या मोठ्या घरात, आमच्या मुलींना शेजारी बसवून घेणाऱ्या तुम्हीच.

तुम्ही नसता, तर आम्ही मुखवटे बघून, टाळ्या वाजवून परतलो असतो. हमत्सा या तुमच्या पवित्र नाचात लांब चोचीच्या हुखुक पक्ष्याचा मुखवटा घातलेला नाचणारा खाली बसला, मान वळवली आणि खाडकन चोच मिटली, तशी धाकटी तुम्हाला बिलगली. सीडरच्या सालीच्या झालरीआड नाचणाऱ्याचा हात दोरी कसा ओढतोय, ते तुम्ही तिला दाखवलंत. तरी तिची भीती जाईना. तुम्ही म्हणालात, जायलाही नको. तो जगाच्या उत्तर टोकाला राहणाऱ्या नरभक्षकाचा पक्षी आहे. त्या नरभक्षकानं झपाटलेल्या तरुणाला गाण्यांनी, नाचांनी शांत करत माणसांत परत आणतात, ही सगळी गोष्ट तुम्ही तिच्या कानाशी सांगत राहिलात.

मोठीनं विचारलं, हा नाच आम्हाला शिकवाल का? तुम्ही रागावला नाहीत. प्रत्येक नाच, गाणं, मुखवटा एखाद्या घराण्याचा असतो, तो हक्क वारशानं किंवा लग्नसंबंधातून येतो, हे तिला समजेल असं सांगितलंत. शाळेच्या प्रकल्पासाठी ती पुठ्ठ्याचा हुखुक करणार होती. आता ती 1921 च्या पॉटलॅचवर, म्हणजे नाच, भाषणं आणि भेटी वाटण्याच्या तुमच्या समारंभावर, लिहिते आहे.

तेही तुम्हीच सांगितलंत. पॉटलॅचवर कॅनडात 1885 पासून 1951 पर्यंत कायद्यानं बंदी होती. डॅन क्रॅनमर यांनी व्हिलेज आयलंडवर पॉटलॅच केला, तेव्हा नाचल्याबद्दल, भाषण केल्याबद्दल, भेटी वाटल्याबद्दल 45 जणांवर आरोप ठेवले गेले. आपली माणसं सुटावीत म्हणून घराण्यांनी मुखवटे सरकारला देऊन टाकले. ज्यांना शिक्षा झाली, त्यांना ओकाला तुरुंगात नेलं. आजी, तो तुरुंग आमच्या बर्नाबीतला. डीअर लेकवर आम्ही नेहमी फिरायला जातो, आणि तिथं कुणाला, कशासाठी डांबलं होतं याची आम्हाला गंधवार्ता नव्हती. उमिस्टा या तुमच्या सांस्कृतिक केंद्रात परत आलेले ते मुखवटे तुम्ही काचेच्या पेटीत का ठेवले नाहीत, हे त्यानंतर विचारावंच लागलं नाही.

इतकं सोसलेल्या घरातली गोष्ट तुम्ही परक्या मुलींना इतक्या मायेनं सांगितलीत, त्याबद्दल मनापासून आभार.

पुढच्या उन्हाळ्यात माझी आई भारतातून येते आहे. तिलाही घेऊन येऊ. तिला इंग्रजी फारसं येत नाही. धाकटी म्हणते, आजी सांगतील ते मी तिला मराठीत सांगेन.

तुमची,
दोन मुलींची आई, बर्नाबी