विषय: मॅट्रिक्स जेलचा सदोष लॉट आणि तुमच्या तांत्रिक विभागाची वागणूक

प्रति, व्यवस्थापक, ग्राहक सेवा

तुमच्या तांत्रिक विभागाचा फोन आत्ताच ठेवला. आता सगळं लेखी देते.

पेशी थ्रीडीमध्ये, म्हणजे त्रिमितीत, वाढवण्यासाठी आम्ही तुमचं जेल वापरतो. नवा लॉट आल्यापासून त्याचे थेंब प्लेटमध्ये धरतच नाहीत, घट्ट होत नाहीत. ३७ अंशांवर ठेवूनही पसरतात. स्तनाच्या कर्करोगाचे ऑर्गनॉइड, म्हणजे पेशींचे सूक्ष्म गोळे, तळाला जाऊन प्लास्टिकला चिकटतात आणि चपटे वाढतात. मग त्यावर डॉक्सोरुबिसिन हे कर्करोगाचं औषध तपासून काय उपयोग? औषधाला पेशींच्या गोळ्याच्या गाभ्यापर्यंत पोहोचताना होणारा अडथळाच उरत नाही, आणि औषध आहे त्यापेक्षा प्रभावी दिसतं. जुना आणि नवा लॉट एकाच प्लेटवर शेजारी लावून आम्ही हे पाहिलं. फोटो, आलेख सगळं तुम्हाला पाठवलं.

तुमच्या माणसाने ते उघडलंही नव्हतं. पहिला प्रश्न, "मॅडम, जेल बर्फावर वितळवता ना?" वर्षानुवर्षं तेच करतो आहोत. दुसरा, "पिपेटिंग विद्यार्थी करतात का?" मी सांगितलं, त्याच मुलीने त्याच सकाळी जुना लॉटही लावला आणि तो व्यवस्थित धरला. त्यावर हे महाशय म्हणाले, "तरी एकदा तिचा हात तपासून घ्या." ती मुलगी समोरच उभी होती, फोन स्पीकरवर होता. वर ऐकवलं, "थ्रीडीमध्ये एवढं इकडेतिकडे चालायचंच."

का चालायचं? हे जेल उंदराच्या सार्कोमापासून, म्हणजे कर्करोगाच्या गाठीपासून, निघतं, लॉटागणिक फरक पडतो, हे तुम्हाला आमच्याआधी ठाऊक आहे. मग प्रमाणपत्रावर फक्त प्रथिनांचं प्रमाण का? थेंब धरतो की नाही याची चाचणी कुठे आहे? मागितली तर "अंतर्गत माहिती" म्हणून नकार.

२०२३ च्या नियमबदलानंतर आपल्याकडे नव्या औषधांच्या चाचणीत प्राण्यांऐवजी ऑर्गनॉइडसारख्या पद्धतींचे निष्कर्ष मांडता येतात. असे आकडे उद्या कुणाच्या तरी उपचारापर्यंत जातील. "चालायचंच" म्हणणाऱ्याला याची जाणीव नसावी याचा मला मनापासून संताप येतो. फोटो उघडूनसुद्धा पाहिले नाहीत!

जुन्या लॉटच्या जेवढ्या बाटल्या शिल्लक असतील तेवढ्या आमच्या नावाने राखून ठेवा, सदोष माल परत न्या आणि दोन्ही लॉटच्या घट्टपणाच्या चाचण्या पाठवा. त्या मुलीची माफी तुमच्या माणसाने स्वतः फोन करून मागावी. आठवड्यात उत्तर आलं नाही, तर संस्थेच्या खरेदी समितीपुढे दोन्ही प्लेटचे फोटो ठेवून तुमचा पुरवठा थांबवायला सांगेन.

प्रमुख, पेशी संवर्धन प्रयोगशाळा, पुणे