‘डोळा बदलला’ म्हणजे नेमके काय बदलले?

मा. संपादक,
स. न.

२५ ऑगस्ट ते ८ सप्टेंबर हा नेत्रदान पंधरवडा. त्याच्या बातम्या मी दरवर्षी वाचते. फेरी निघाली, शपथ घेतली, आणि शेवटी ठरलेली ओळ : ‘एका नेत्रदानाने दोघांना दृष्टी’. हे छापायलाच हवे. पण त्या दोघांवर पुढे कोणती शस्त्रक्रिया होते आणि नंतर घरच्यांनी काय सांभाळायचे असते, हे मला कधीच वाचायला मिळाले नाही. ते माहीत नसल्यामुळे आमच्या घरात एका डोळ्याचे मोठे नुकसान झाले, म्हणून हे पत्र.

आमच्याकडे दोघांचे बुबुळ बदलले आहे, थोरल्या भावाचे आणि आईचे. गावात दोघांबद्दल एकच बोलतात, ‘डोळा बदलला’. अख्खा डोळा कुणाचाच बदलत नाहीत. बदलतात तो डोळ्याच्या पुढचा, घड्याळाच्या काचेसारखा पारदर्शक पडदा, त्यालाच इथे बुबुळ (कॉर्निया) म्हटले आहे. जेमतेम अर्धा मिलिमीटर जाड, पण त्यातही थर असतात, आणि कोणता थर बिघडला यावर सगळे अवलंबून असते.

दादाला उसाचा पाला काढताना पात लागली. डोळा लाल झाला म्हणून दुकानातून थेंब आणून घातले. त्यात स्टेरॉइड होते हे फार उशिरा कळले. जखमेत बुरशी होती, आणि स्टेरॉइडने ती आणखी फोफावली. औषधोपचाराने जखम भरेपर्यंत बुबुळावर फूल, म्हणजे पांढरा डाग, पडले होते, तेही आरपार. त्यामुळे पूर्ण जाडीचे बुबुळ बदलावे लागले. मधली साधारण आठ मिलिमीटरची चकती कापून काढली, तिथे दात्याची बसवली आणि केसाहून बारीक नायलॉनच्या दोऱ्याने सोळा टाके घातले. हे टाके वर्षभर, कधी त्याहूनही जास्त, ठेवावे लागतात. तोवर नजर कमी-जास्त होत राहते, चष्म्याचा नंबरही बरेचदा टाके काढल्यावरच पक्का होतो.

आईचे दुखणे वेगळे. मोतीबिंदूच्या शस्त्रक्रियेनंतर काही वर्षांनी तिला सकाळी सगळे धुरकट दिसायचे, दुपारपर्यंत जरा निवळायचे. बुबुळाच्या सर्वांत आतल्या थरातल्या पेशी दिवसरात्र पाणी उपसून बाहेर टाकत असतात. त्या एकदा मेल्या की माणसात पुन्हा तयार होत नाहीत, आणि बुबुळ पाणी धरून फुगते. तिचा फक्त तो आतला पातळ थर बदलला. कागदावर ‘डीसेक’ असे लिहिले होते. लहानशा छेदातून थर आत सरकवला, हवेचा बुडबुडा सोडून जागेवर चिकटवला, आणि तो सुटू नये म्हणून तिला उताणे झोपवून ठेवले. दोन महिन्यांत ती तांदूळ निवडू लागली.

इथेच घात झाला. दादाच्या शस्त्रक्रियेला तेव्हा आठ महिने झाले होते आणि त्याला अजून अंधूकच दिसत होते. येणारा-जाणारा म्हणू लागला, ‘म्हातारीचा डोळा लागला, तुझा फसला.’ दादाच्या मनाने ते घेतले. शस्त्रक्रियेनंतर डॉक्टरांनी दिलेले थेंब त्याने बंद केले, आम्हाला सांगितलेही नाही. काही आठवड्यांनी डोळा लाल झाला, उजेड सोसेना. आम्ही त्याला उष्णता समजलो आणि आठ दिवस घालवले. शरीर नवे बुबुळ नाकारत होते! उपचारांनी थोडे सावरले, पण जी नजर मिळायची ती मिळाली नाही. दोन शस्त्रक्रिया वेगळ्या आहेत, त्यांचे दिवस वेगळे आहेत, एवढे जरी आम्हाला ठाऊक असते तरी दादा असा खचला नसता.

आणखी प्रकार आहेत. बुबुळ टोकदार होत जाणाऱ्या तरुणांमध्ये किंवा फूल वरवरचे असेल तर पुढचे थर बदलून आतला थर रुग्णाचा स्वतःचाच ठेवता येतो, त्याला ‘डाल्क’ म्हणतात. आतला थर आपलाच असल्याने तो नाकारला जाण्याची भीती उरत नाही. ‘डीमेक’मध्ये डीसेकपेक्षाही पातळ पापुद्रा बसवतात. नजर लवकर येते, पण तो गुंडाळी होणारा पापुद्रा हाताळणे शल्यविशारदाला अवघड असते. पुरेसे निरोगी थर असले तर एकाच दान केलेल्या बुबुळाचा पुढचा भाग एकाला आणि आतला दुसऱ्याला वापरता येतो. म्हणजे ‘दोघांना दृष्टी’ ही ओळसुद्धा आता अपुरी आहे.

चुन्याबद्दल लिहिल्यावाचून राहवत नाही. १९०५ साली आजच्या चेक प्रजासत्ताकातल्या ओलोमौत्स येथे डॉ. एडुआर्ड झिर्म यांनी जगातले पहिले यशस्वी बुबुळ प्रत्यारोपण केले, तो रुग्ण चुन्याने डोळे भाजलेला मजूर होता. आमच्याकडे तंबाखूच्या चुन्याची पुडी अजून पोरांच्या हाती लागते, दाबली की फुटते. चुन्याने बुबुळाच्या कडेच्या मूळपेशी जळाल्या तर नुसते बुबुळ बदलून भागत नाही, आधी त्या पेशींचे रोपण करावे लागते. चुना डोळ्यात गेला तर त्या क्षणी भरपूर स्वच्छ पाण्याने डोळा धूत राहावे आणि मगच दवाखान्याकडे धावावे.

माझी विनंती एवढीच, की यंदाच्या पंधरवड्यात फेरीच्या छायाचित्राशेजारी एक चौकट छापा. मृत्यूनंतर सहा तासांच्या आत नेत्रदान व्हावे लागते, म्हणून नेत्रपेढीला लगेच कळवायचे, तोवर पापण्या मिटून त्यावर ओला कापूस ठेवायचा, पंखा बंद करायचा, डोके उशीवर उंच ठेवायचे. चष्मा, मधुमेह किंवा झालेली मोतीबिंदूची शस्त्रक्रिया नेत्रदानाच्या आड येत नाही. आणि त्याच चौकटीत, ज्यांना बुबुळ मिळाले त्यांच्यासाठी : डोळा लाल होणे, उजेड न सोसणे, नजर अंधूक होणे, दुखणे, यांपैकी काहीही झाले तर त्याच दिवशी डॉक्टर गाठा, मग शस्त्रक्रियेला कितीही वर्षे झालेली असोत.

आपली,
एक निवृत्त शिक्षिका,
शिरोळ, जि. कोल्हापूर