पगारातून मिळणाऱ्या देणग्या आणि बदललेले नियम

महोदय,

कारखाने व बँकांतील कर्मचारी दरमहा पगारातून जी थोडी रक्कम कापून देतात, तिच्यावर चिपळूण-खेड परिसरातील आमच्यासारख्या लहान सेवाभावी संस्थांचा मोठा भार असतो. आर्थिक वर्ष 2021-22 पासून प्रत्येक देणगीदाराचे नाव, पत्ता, पॅन व रक्कम नोंदवणारे ‘10बीडी’ विवरणपत्र आम्हा संस्थांना 31 मेपर्यंत आयकर खात्याकडे भरणे बंधनकारक झाले. उशीर झाल्यास दिवसाला 200 रुपये शुल्क पडते. कंपनीकडून मात्र एकच धनादेश येतो आणि सोबतच्या हस्तलिखित यादीत पॅनमधले अक्षर ‘यू’ आहे की ‘व्ही’, हे लावण्यात आमच्या खजिनदारांच्या संध्याकाळी जातात.

त्यातच 2023-24 पासून नवी करप्रणाली आपोआप लागू होऊ लागली, आणि तिच्यात ‘80जी’ची, म्हणजे देणगीदाराला देणगीवर मिळणारी करातील वजावट नाही. शंभर रुपये देणारा कामगार केवळ करासाठी देत नाही, हे आम्ही जाणतो. पण ‘आता सवलत नाही’ एवढ्यावरून कार्यालयाने कपातीचा अर्जच फिरवणे थांबवले, की देऊ इच्छिणाराही गळतो. हे आम्हाला फार लागते. कंपन्यांनी पॅनसह टंकलिखित यादी द्यावी, अर्ज दरवर्षी फिरवावा आणि शासनाने लहान संस्थांना विलंबशुल्कातून सूट द्यावी, ही विनंती.

– एका संस्थेचे विश्वस्त, चिपळूण