पायथॉनमध्ये मेमरी बघावी लागत नाही, हे अर्धंच खरं

मा. संपादक,
सप्रेम नमस्कार.

मागच्या आठवड्यात तुमच्या शिक्षण पुरवणीत पायथॉन या प्रोग्रामिंगच्या भाषेच्या कोर्सवर लेख आला होता, त्यात लिहिलंय की पायथॉनमध्ये मेमरीची काळजीच करावी लागत नाही, सगळं आपोआप होतं. नुसता पायथॉन लिहिणाऱ्या पोरांना हे चालून जातं, पण पायथॉनला जोडायचा तुकडा, म्हणजे मॉड्युल, सी या भाषेत लिहायला बसलं की तिथे मेमरीतली जागा आपणच मागायची आणि आपणच सोडायची, आणि याच समजुतीने आम्हाला रडवलंय म्हणून लिहितोय.

मराठी मजकूर साफ करणारं एक जुनं सी मॉड्युल माझ्याकडे आलं. त्यात जागा घेतलेली पायमेम मॅलॉकने, म्हणजे पायथॉनच्या जागा मागायच्या फंक्शनने, आणि सोडलेली सीच्या साध्या फ्रीने, म्हणजे जागा परत करायच्या फंक्शनने. चूकच ती, पण पायथॉन ३.५ पर्यंत पायमेम मॅलॉक आतून सीचंच जागा देणारं मॅलॉक वापरायचं, त्यामुळे कुणाच्या लक्षातच आलं नाही. डिसेंबर २०१६ मध्ये ३.६ आलं आणि त्यात हे काम पायथॉनच्या स्वतःच्या जागा वाटणाऱ्या यंत्रणेकडे, पायमॅलॉककडे गेलं, ते ५१२ बाइटपर्यंतची जागा स्वतःच्या साठ्यातून देतं आणि त्याहून मोठी मागणी सीच्या मॅलॉककडे पाठवतं. आता देवनागरीतलं प्रत्येक चिन्ह, अगदी काना-वेलांटीसुद्धा, यूटीएफ-८ या अक्षरं साठवायच्या पद्धतीत ३ बाइट घेतं, म्हणजे साधारण १७० चिन्हांपर्यंतची ओळ दिली की जागा पायमॅलॉकची आणि सोडायला सीचं फ्री, म्हणून प्रोग्राम धाडकन बंद पडायचा आणि अख्खा मोठा परिच्छेद दिला तर काही म्हणजे काही व्हायचं नाही! आम्ही तीन दिवस मजकुरातच खोट शोधत बसलो, जोडाक्षरं तपासली, नुक्ते तपासले.

पोरांना शिकवायला पाहिजे ते एवढंच आहे की तिथे तीन वेगळी खाती आहेत, रॉ, मेम आणि ऑब्जेक्ट, आणि ज्या खात्यातून जागा घेतली त्याच खात्याच्या फ्रीने ती सोडायची. जीआयएल (एका वेळी एकाच थ्रेडला पायथॉन चालवू देणारं कुलूप) हातात नसेल तर फक्त रॉवालंच वापरायचं. अजून एक म्हणजे मधेच एरर आली की फंक्शनमधून घाईने रिटर्न करतात आणि आधी घेतलेली जागा तशीच राहते, सर्व्हर महिनाभर चालू असेल तर हे फार महागात पडतं. रीअलॉकचा, म्हणजे घेतलेली जागा लहानमोठी करणाऱ्या फंक्शनचा, निकाल जुन्याच पॉइंटरमध्ये (जागेचा पत्ता ठेवणाऱ्या व्हेरिएबलमध्ये) ठेवायचा नाही, कारण ते फसलं की नल, म्हणजे रिकामा पत्ता येतो आणि जुनी जागा असूनही तिचा पत्ता हातातून जातो.

यावर उपाय फुकट आहे. पायथॉनमॅलॉक नावाच्या एन्व्हायर्नमेंट व्हेरिएबलला (प्रोग्रामला बाहेरून द्यायच्या सेटिंगला) डीबग ही किंमत देऊन प्रोग्राम चालवायचा, बास. मग प्रत्येक जागेच्या मागेपुढे खुणेचे बाइट बसतात, खाती उलटसुलट झाली तर कुठल्या खात्यातून घेतलं आणि कुठल्या खात्यात सोडायला गेलात ते सरळ छापून येतं. आमच्या मॉड्युलमध्ये तर हे लावल्याबरोबर मोठ्या परिच्छेदांवरही प्रोग्राम पहिल्याच फटक्यात बंद पडायला लागला आणि चूक सापडली.

पुरवणीत पुढचा लेख याच विषयावर द्या ही मनापासून विनंती, आणि इंजिनिअरिंगच्या लॅबमध्ये सी मॉड्युलचं प्रॅक्टिकल घेणाऱ्या सरांनी, मॅडमनी मुलांना हा डीबगचा मोड पहिल्याच दिवशी लावून द्यावा.

आपला,
एक वाचक, कोल्हापूर