तीस तासांचे दहा

प्रिय शालू,

गुडघा आहे तसाच आहे, बीपीची गोळी चालू आहे. तब्येतीचं एवढंच. आता मुद्द्याचं, कारण हे दुसऱ्या कुणाला सांगितलं तर "एवढं काय त्यात" म्हणून मोकळे होतील.

इथल्या एका हॉस्पिटलला केरळच्या नर्सना मराठी शिकवून हवंय. तीन महिने, ३० तास, आणि "शेवटी फाडफाड बोलल्या पाहिजेत". अशा वेळी सगळे आधी धड्यांची यादी करतात. तूही करशील आणि पहिला धडा विभक्तीचा असेल, मला ठाऊक आहे! मी आधी ड्युटीचा तक्ता मागवला.

सकाळ ८ ते २, दुपार २ ते ८, रात्र ८ ते ८. ३० तासांत ४० मिनिटांच्या ४५ तासिका होतात. सकाळवाल्या हँडओव्हर देऊन अडीचला सुटतात, दुपारवाल्यांना मात्र एकलाच बोलवावं लागतं. म्हणजे प्रत्येक धडा दोनदा घ्यायचा; उरले २२. पाळ्या फिरत्या, दर तिसरा आठवडा नाइट. रात्रभर जागलेली बाई दुपारी वर्गाला यायची नाही, येऊही नये. तेव्हा एकीच्या वाट्याला १५ धडे, म्हणजे १० तास. शालू, दहा! त्यात फाडफाड.

मेट्रनबाई तक्ता बदलणार नाहीत, मग धडेच बदलायचे. साखळी नको: मागचा बुडला म्हणून आजचा अडता कामा नये. पहिली दहा मिनिटं जुनी वाक्यं, मग एकच प्रसंग: इंजेक्शन, जेवण, डिस्चार्ज. खोली रोज वेगळी, फळा असेलच असं नाही, म्हणून सगळं एप्रनच्या खिशात मावेल अशा कार्डावर. नाइटवाल्यांसाठी मिनिटभराच्या ऑडिओ क्लिपा हॉस्टेलच्या ग्रुपवर. बदली शिक्षिका ऐनवेळी आली तरी चालावं म्हणून प्रत्येक धड्याचं एक पान, मिनिटांच्या हिशेबासकट.

लिपीवर सहज सहा तास गेले असते. पण केरळात शाळेत हिंदी असते, त्यामुळे बऱ्याच जणींना देवनागरी वाचता येते. गृहीत धरायचं नाही. पहिल्या दिवशी दहा मिनिटं वाचून घ्यायचं. नाही आली तरी लिहायला शिकवणार नाही, केसपेपर इंग्रजीतच असतो.

मल्याळममुळे बरंच फुकटात मिळतं. ळ आणि ण तुझ्या भाच्यापेक्षा स्वच्छ. आम्ही आणि आपण यांतला फरक त्यांच्या भाषेतही आहे. हिंदीवाले तिथेच ठेचकाळतात. "मला दुखतं"मधला "मला"सुद्धा ओळखीचा. अडतं ते क्रियापदाशी: मल्याळममध्ये ते कर्त्या-कर्माप्रमाणे बदलतच नाही. तेव्हा "गोळी घेतला का" कानाआड करायचं, पेशंटला कळतं. (हे वाचून तू पत्र फाडू नकोस.) "तू" मात्र शिकवायचाच नाही, फक्त "तुम्ही". आजोबांना "तू जेवलास का" विचारलं की तक्रार येते, शिवाय निम्मी रूपं वाचतात.

खरी अडचण ऐकण्याची. नर्सचे प्रश्न चाळीसेक वाक्यांत बसतात, उत्तरांना अंत नाही. मळमळतंय, गरगरतंय, ठणकतंय, कळ येते, दम लागतो, अंग मोडून आलंय. शिवाय "पावणेदोनला उलटी झाली". पावणे, सव्वा, दीड, अडीच इथे चूक चालणार नाही, म्हणून ते प्रत्येक धड्यात. आणि प्रश्नच असे शिकवायचे की उत्तर बोटाने दाखवता येईल किंवा हो-नाही मध्ये येईल: "इथे दुखतं का? कालपेक्षा जास्त?" निम्मा वेळ नुसतं ऐकणं.

हॉस्पिटलला लेखी परीक्षा हवी आहे, सर्टिफिकेटसाठी. मी खाटेजवळची पाच मिनिटांची तोंडी परीक्षा सुचवली आहे, त्यावर अजून गाडी अडली आहे. तुझं काय मत? विभक्ती सोडून बोल.

पमीचं जमलं हे कळलं, फार बरं वाटलं. हॉल मिळाला का? दादांचं मोतीबिंदूचं ऑपरेशन लग्नाआधीच उरकून घ्या.

आणि एक काम. तुला वऱ्हाडी, कोल्हापुरी, मालवणी सगळ्या नकला येतात. पोटदुखी, चक्कर आणि झोप न लागणं, या तीन तक्रारी तिन्ही बोलींत, म्हातारीच्या आवाजात, फोनवर रेकॉर्ड करून पाठव. दात नसल्यासारखं बोल, हळू बोलू नकोस. मंगळवारपर्यंत हवं.

तुझी,
नली